तोडपाण्याचं व्याकरण

इंग्रजी शब्दकोशात 'पे ऑफ' शोधलं की तीन-चार अर्थ एकाखाली एक सापडतात. कर्ज पुरतं फेडणं. नोकराचा हिशेब चुकता करून त्याला मोकळं करणं. घेतलेल्या कष्टांचं चीज होणं. आणि बहुधा शेवटी, कुणी गप्प बसावं किंवा वाटेतून बाजूला व्हावं म्हणून त्याला पैसे चारणं. हा शेवटचा अर्थ बाकीच्यांच्या पंगतीत इतका निवांत बसलेला असतो की तो गुन्ह्याचा आहे हे चटकन ध्यानात येत नाही. त्याचं भावंड 'बाय ऑफ' अधिक उघड बोलतं. त्यात थेट माणूसच विकत घेतला जातो.

प्रस्तुत पुस्तकाची सुरुवात या दोन क्रियापदांपासून होते. विषय मात्र इंग्रजीचा नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांत, भीमा आणि घोड या नद्यांच्या काठच्या पट्ट्यात लाचेबद्दल माणसं कशी बोलतात, काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात, हा विषय आहे. लेखक इंग्रजीचे शिक्षक. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात शिकवण्या घेताना 'फ्रेझल व्हर्ब' हा मुलांना नकोसा वाटणारा धडा त्यांच्या वाट्याला आला. 'गिव्ह अप', 'पुट ऑफ' घोकताना जांभया देणारी मुलं 'पे ऑफ'ला आली की एकदम तरतरीत होत आणि वाक्यांचा पाऊस पाडत, असं ते सांगतात. सरपंचपदाच्या उमेदवाराला बसवलं, मोजणीवर हरकत घेणाऱ्या भावकीला गप्प केलं, अपघातातल्या साक्षीदाराला 'बघितलं' अशी ती वाक्यं. मुलांना व्याकरण नवं होतं, व्यवहार ओळखीचा होता.

व्याकरणसुद्धा तितकंसं नवं नव्हतं, हा पुस्तकातला पहिला चांगला मुद्दा. इंग्रजीत जहाज बंदराला लागलं की खलाशांचा पगार चुकता करून त्यांना उतरवत, त्यालाही 'पे ऑफ' म्हणत. 'ऑफ' म्हणजे दूर, बाजूला, विषय संपला. मराठीत हे काम दुसरं क्रियापद करतं. 'पैसे दिले' आणि 'पैसे देऊन टाकले' यांतला फरक शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. 'टाकणे' आलं की देणाऱ्याला कटकट संपवायची आहे, पावती नको आहे आणि पुन्हा तो विषय नको आहे. 'देऊन टाक एकदाचे', 'मिटवून टाक', 'काय असेल ते बघून घे' या वाक्यांत लाच हा शब्द कुठेच नाही, तरी ती ऐकणाऱ्याला काही विचारावं लागत नाही.

या बोलीत कर्ताही सहसा गायब असतो. 'द्यावे लागतात' असं म्हटलं जातं. कोण देतो, कुणाला देतो, हे वाक्यात येत नाही. 'वर पोचवावे लागतात' यातलं 'वर' किती वर हेही कुणी विचारत नाही. मराठीच्या या प्रयोगात सक्ती आहे, कर्ता नाही, आणि तक्रार करायची तर कायद्याला नेमका कर्ता लागतो. बोलण्याच्या सवयीमुळे लाच वाढते असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण या सवयीमुळे ती सांगता येत नाही, एवढं लेखकाने सोदाहरण दाखवलं आहे.

शब्दांची आपल्याकडे ददात नाही. 'लाच' आणि 'लाचलुचपत' कागदावरचे, खात्याच्या पाटीवरचे शब्द. बोलताना ते फार कमी येतात. बोलताना येते चिरीमिरी, चहापाणी, वरकमाई, हप्ता, टक्केवारी, पाकीट. फायलीवर वजन ठेवतात, हात ओले करतात. निवडणुकीच्या आदल्या रात्री लक्ष्मीदर्शन होतं. मुंबईतून पेटी आणि खोका आले. त्यातला खोका २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणेत जाऊन बसला. उसाच्या पट्ट्यात आणखी दोन शब्द आहेत: तोडणीच्या टोळीला द्यायची 'खुशाली' आणि वाहनाच्या चालकाला द्यायची 'एन्ट्री'. न्हावरे हे रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचं गाव, त्यामुळे हंगाम, नोंद, तोड हे शब्द इथल्या लहान मुलांच्याही तोंडी असतात. खुशाली-एन्ट्रीची तक्रार मात्र एका गावाची नाही, पश्चिम महाराष्ट्रभर शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. ऊस वाळतो आहे आणि फडात टोळी येत नाही, अशा वेळी शेतकरी जे देतो त्याला 'खुशाली' म्हणायचं, यातली थट्टा करायला वेगळा विनोदी लेखक नको.

हे सगळे शब्द एका माळेत ओवायचा मोह होतो. आजवरचे बहुतेक लेख तिथेच थांबतात. या पुस्तकाने मधोमध एक रेघ ओढली आहे. चिरीमिरी, वजन, खुशाली हे पैसे काम व्हावं म्हणून दिले जातात. काही पैसे मात्र काहीतरी होऊ नये म्हणून दिले जातात: तक्रार होऊ नये, साक्ष होऊ नये, बातमी येऊ नये, अर्ज राहू नये. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, तोडपाणी. 'त्यांचं तोडपाणी झालं' या तीन शब्दांत 'पे ऑफ' आणि 'बाय ऑफ' दोन्ही मावतात, वर बोलणाऱ्याचा तुच्छतेचा सूरही येतो. पहिल्या प्रकारात देणारा नाडलेला असतो. दुसऱ्यात देणारा आणि घेणारा दोघेही खूश असतात आणि ज्याचं नुकसान झालं तो तिसरा माणूस त्या खोलीत नसतो. पुस्तकाचा सगळा डोलारा या तिसऱ्या माणसावर उभा आहे, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

विषयाचा इतिहास मोठा आहे. राजाच्या तिजोरीतला पैसा खाण्याच्या ४० पद्धती कौटिल्याने अर्थशास्त्रात मोजून ठेवल्या आहेत. तिथे चिंता राजाच्या तोट्याची आहे, रयतेच्या नाही. पेशवाईच्या हिशेबांत 'दरबारखर्च' आणि 'अंतस्थ' अशी खाती येतात. अधिकाऱ्यांना द्यायच्या गुप्त रकमा चक्क जमाखर्चात लिहिल्या जात. आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, पण ज्या काळी पद हे वतनासारखं मानलं जाई त्या काळी पदावरच्या माणसाची 'समजूत' हा खर्चाचाच एक भाग होता. 'बाय ऑफ'ची मोठी रूपंही इतिहासात आहेत. इंग्लंडच्या राजाने इ. स. ९९१ मध्ये मॉल्डनच्या पराभवानंतर डेन लोकांना १०,००० पौंड देऊन परत पाठवलं. आपल्याकडच्या चौथाईचं वर्णन इंग्रज इतिहासकार याच क्रियापदाने करत, आणि मराठी इतिहासकार त्यावर रागावत. रागाला जागा आहे: चौथाई करारांनी आणि सनदांनी बांधलेली होती. पण देणाऱ्या गावाला ती कशी वाटत असेल, हा प्रश्न सनदेने सुटत नाही.

शिरूर या इतिहासात आडून येतं. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत घोड नदीकाठी इंग्रजांची छावणी होती. कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथूनच पुण्याकडे निघाली. छावणी आली, पाठोपाठ कलेक्टर आणि मामलेदार आले, आणि 'अंतस्थ' हे खातं जमाखर्चातून नाहीसं झालं. पैसा नाहीसा झाला नाही. फक्त तो लिहिण्याची सोय गेली.

याचा सगळ्यांत मोठा पुरावा १८८८ सालचं क्रॉफर्ड प्रकरण. मराठी वाचकांना क्रॉफर्ड हे नाव मुंबईच्या मंडईमुळे माहीत आहे. आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर होते आणि पुढे पुण्यात मध्य विभागाचे कमिशनर झाले. बढती आणि सोयीची बदली यांसाठी ते मामलेदारांकडून पैसे घेतात, असा आरोप झाला. मध्यस्थ होता हनमंतराव नावाचा त्यांचा माणूस. हनमंतरावाला शिक्षा झाली. साहेबांसाठी चौकशी आयोग बसला. आयोगाने त्यांना लाचेच्या आरोपातून मुक्त केलं आणि हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका ठेवला, नोकरी गेली. आता 'कर्ज' या शब्दाकडे पाहा. वरिष्ठ कनिष्ठाकडून उसने घेतो, परत करत नाही, आणि कनिष्ठ मागत नाही. 'पे ऑफ'चे दोन अर्थ, कर्ज फेडणं आणि लाच देणं, इथे असे एकमेकांत मिसळले की आयोगालाही ते वेगळे करून दाखवावे लागले.

मला या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिलं होतं. आम्ही पैसे दिले, असं त्यांनी उघड सांगितलं. मग प्रश्न आला की, ज्यांनी लाच देऊन पदं मिळवली त्यांच्या हाती न्यायाचं काम कसं ठेवायचं? ओरड झाली आणि काही मामलेदार घरी गेले. लोकमान्य टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारने शब्द दिला आहे, तो पाळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. देणारा हा बळी की भागीदार? पुण्यात तेव्हा रंगलेला हा वाद अजून मिटलेला नाही.

कायदा या प्रश्नावर सतत कूस बदलत राहिला. १८६० च्या दंडसंहितेत लाचेची कलमं होतीच. १९४७ मध्ये स्वतंत्र कायदा आला, १९८८ मध्ये आज चालू असलेला भ्रष्टाचार प्रतिबंध कायदा. २०१८ च्या दुरुस्तीने देणाऱ्यालाही सरळ गुन्हेगार ठरवलं. सक्तीने दिले असतील तर सात दिवसांत कळवा, मग सूट. न्हावऱ्यातून शिरूरला वारसनोंदीसाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसाला हे सात दिवस ठाऊक असतात का, हा प्रश्न लेखक विचारतात आणि उत्तर वाचकावर सोडतात. तोडपाण्यासाठीसुद्धा जुन्या दंडसंहितेत कलमं होती: गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासाठी मोबदला घेणं हे २१३ आणि देणं हे २१४. वर्तमानपत्रांत ही कलमं क्वचितच दिसतात.

कारण सरळ आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा कसा लागतो ते पाहा. तक्रारदार येतो, मागणीची पडताळणी होते, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात, पंच सोबत देतात, आणि पैसे घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. सगळी रचना तक्रारदारापासून सुरू होते. तोडपाण्यात विकला जातो तो तक्रारदारच. म्हणून वर्षानुवर्षं सापळ्यांच्या बातम्यांत महसूल आणि पोलीस ही दोन खाती वर राहतात, तलाठी आणि हवालदार सापडतात, आणि एखादं अख्खं प्रकरण 'मिटवणारे' मोकळे राहतात.

अभ्यासकांनीही बराच काळ पहिल्याच प्रकाराकडे पाहिलं. १९६२ साली नेमलेल्या संथानम समितीने काम लवकर व्हावं म्हणून दिल्या जाणाऱ्या पैशाची ठळक नोंद घेतली. त्याच सुमारास नाथानिएल लेफसारखे अर्थतज्ज्ञ म्हणत होते की गंजलेल्या यंत्रणेला लाच वंगणासारखी असते. गुन्नार मिर्दालने १९६८ मध्ये 'एशियन ड्रामा'त हे खोडून काढलं: वंगण मिळतं हे कळलं की यंत्र मुद्दाम गंजवलं जातं. मला मिर्दालचं पटतं; तहसीलच्या बाकावर एक दुपार काढलेल्या कुणालाही पटेल. पुढे सुसान रोझ-अ‍ॅकरमन यांनी लाचेला बाजाराच्या भाषेत मांडलं. रॉबर्ट वेडने १९८२ मध्ये दक्षिण भारतातल्या कालव्यांच्या खात्यात बदल्यांचा बाजार कसा चालतो ते दाखवलं; क्रॉफर्डच्या मामलेदारांना त्यात नवीन काही वाटलं नसतं. मानववंशशास्त्रज्ञ अखिल गुप्ता यांनी १९९५ मध्ये वेगळीच दिशा धरली. भ्रष्टाचाराच्या गप्पा हेच खेड्यातल्या माणसाचं राज्यसंस्थेबद्दलचं बोलणं आहे, असं त्यांनी उत्तर भारतातल्या एका गावावरून मांडलं. हे पुस्तक त्यांच्या जवळ जातं, पण लेखकाचं बोट व्याकरणावर असल्याने ते त्यांच्या मागे फरफटत जात नाही. २०११ मध्ये कौशिक बसू यांनी सुचवलं की हक्काच्या कामासाठी नाडल्या गेलेल्या देणाऱ्याला गुन्हेगार मानू नये, म्हणजे तो नंतर तक्रार करील. मोठं वादळ उठलं. त्या वादात टिळकांची आठवण कुणी काढली असती तर बरं झालं असतं.

मराठी साहित्य-नाट्याने मात्र तोडपाणी आधी ओळखलं. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ चं; त्यात बापच मुलगी देऊन कोतवाली घेतो. तेंडुलकरांचीच पटकथा असलेला जब्बार पटेल यांचा 'सामना' हा चित्रपट तर साखर कारखान्याच्या परिसरात घडतो. हिंदुराव पाटील बेवारस मास्तरला घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो, आदराने वागवतो. कुठलंही पाकीट दिलं जात नाही. आणि तरी मास्तर मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत राहतो, म्हणजे तोडपाणी फसलेलं आहे. मिंधं करणं हा या व्यवहाराचा सगळ्यांत स्वस्त प्रकार आहे, हे सांगणारं याहून चांगलं उदाहरण मला मराठीत सापडत नाही. लेखकाने 'सामना'वर अर्धंच पान खर्च केलं, ही माझी तक्रार आहे.

जे विकले जात नाहीत त्यांचं काय होतं, हेही या परिसराने पाहिलं आहे. शिरूरची घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो, पारनेर तालुका लागतो, राळेगण सिद्धी लागतं. तिथल्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केलं. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा लागू झाला. पुणे जिल्ह्यातच तळेगाव दाभाडे इथे, जमीन व्यवहारांतले गैरप्रकार बाहेर काढणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असता त्यांचा खून झाला. दुसऱ्या टोकाला, माहितीचे अर्ज टाकून तेच विकणारेही गावोगाव तयार झाले. 'आरटीआयवाला' हा शब्द आज शिरूर-दौंडमध्ये आदराने वापरला की शिवीसारखा, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. तोडपाणी आणि खंडणी यांच्यात अंतर किती? आधी कोण गेलं, एवढंच. यावरचा लेख पुस्तकातला सर्वांत धीट आहे. पत्रकारांच्या पाकिटावरचा मात्र बिचकत लिहिलेला वाटतो.

आज हा विषय तातडीचा आहे, कारण कायदा आता कुठे तोडपाण्याकडे वळतो आहे. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नीरज दत्ता खटल्यात सांगितलं की तक्रारदार फितूर झाला, वारला किंवा साक्षीला मिळाला नाही, तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध करता येईल. 'फितूर' हा शब्द मराठी कोर्टांनी किल्ल्यांच्या इतिहासातून उचलला आणि तो चपखल बसला. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांनी सीता सोरेन प्रकरणात १९९८ चा निकाल फिरवला. सभागृहातल्या मतासाठी पैसे घेणाऱ्या खासदार-आमदारांना आता विशेषाधिकाराची ढाल नाही. दुसरीकडे गावात जमिनीला भाव आला आहे. रांजणगावची औद्योगिक वसाहत, रुंद होणारे रस्ते, मोजणीचे वाद, फेरफाराच्या हरकती यांमुळे कुणाच्या तरी 'हरकतीला' किंमत आली आहे. हरकत घ्यायची आणि ती मागे घ्यायला पैसे घ्यायचे, हा काही ठिकाणी जोडधंदा झाला आहे.

पुस्तकाचा एक धोका लेखकालाही माहीत आहे. प्रत्येक तडजोड म्हणजे तोडपाणी नव्हे. कायद्यानेच काही गुन्हे तडजोडपात्र ठरवले आहेत, लोकअदालती त्यासाठीच भरतात, आणि दोन भावांचा बांधाचा वाद गावातल्या चार शहाण्यांनी मिटवला तर त्यात वाईट काही नाही. फरक कुठे पडतो? विहिरीत गाडला गेलेला मजूर परगावचा असतो, त्याच्या बायकोच्या हातावर रक्कम ठेवली जाते, आणि 'समजूत काढली' असं म्हटलं जातं. ती रक्कम भरपाई आहे की गप्प बसण्याचं मोल, हे रकमेवरून कळत नाही; गुन्हा नोंदला गेला की नाही, यावरून कळतं. लेखकाने ही कसोटी पुस्तकभर लावली आहे आणि एक-दोन ठिकाणी ती त्यांच्याच लाडक्या उदाहरणांना उलटली आहे.

निवडणुकीच्या भाषेत उमेदवार उभा राहतो आणि मग त्याला 'बसवला' जातो. बिनविरोध निवडीचं आपल्याकडे कौतुक होतं, अशा गावांना बक्षिसंही मिळतात. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोली लागली ती मंदिराच्या बांधकामासाठी. लेखक याला तोडपाणी म्हणतात: मतदार हा तिसरा माणूस आणि तोच खोलीबाहेर राहिला. मला हे पुरतं पटलेलं नाही. तोडपाणी दाराआड होतं, तिथे बोली उघड लागली आणि बोलीच्या वेळी गाव हजर होतं. जो हजर आहे त्याला तिसरा म्हणता येईल का? लेखकाचं यावरचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या लेखात आहे. ज्यांना थेट भांडणात शिरायचं आहे त्यांनी तो आधी वाचायला हरकत नाही.